वैयक्तिक वैद्यकीय बचत खात्यांवर एखाद्या देशाची आरोग्यव्यवस्था चालू शकते का?

केवळ खात्यांवर चालत नाही, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा सिंगापूरच देते. तेथे 1984 मध्ये मेडिसेव्ह ही अशा खात्यांची योजना सुरू झाली; नोकरदाराच्या पगारातून, वयानुसार साधारण 8 ते 10.5 टक्के रक्कम, मालकाच्या वाट्यासह, त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होते, तिच्यावर व्याज मिळते, ती पती-पत्नी, मुले वा आईवडिलांच्या उपचारांसाठीही वापरता येते आणि मृत्यूनंतर वारसांकडे जाते. मात्र दीर्घ, खर्चिक आजारात एकट्याची बचत पुरत नाही, कारण बचतीत जोखीम अनेकांमध्ये विभागली जात नाही. तसेच ज्याचा पगारच तुटपुंजा, त्याचे खातेही तुटपुंजे राहते. म्हणूनच 1990 मध्ये मोठ्या आजारांसाठी मेडिशील्ड हा विमा आणि 1993 मध्ये गरिबांसाठी मेडिफंड हा सरकारी मदतनिधी आला, तर 2015 पासून सर्व नागरिकांना व कायम रहिवाशांना, आधीचे आजार असले तरी, आजीवन आरोग्यविमा अनिवार्य झाला. शिवाय सरकारी रुग्णालयांना मोठे अनुदान मिळते, ज्याचा उल्लेख खात्यांचे समर्थक सहसा टाळतात. अशी खाती माझ्या मते विम्याला पूरक म्हणून उपयुक्त आहेत. असंघटित क्षेत्रात बहुसंख्य कामगार असलेल्या भारतात मात्र पगारातून नियमित कपात करणार कोण, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.