वडील पहाटे झोपेत ओरडतात आणि हातपाय झाडतात, हे काय असावे?

आपले ६४ वर्षांचे वडील पहाटे झोपेत शिवीगाळ करतात, लाथा झाडतात आणि जागे केल्यावर कोणाशी तरी झटापट चालली होती असे सांगतात. ही बाधा आहे की मनावरचा ताण, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, परंतु हाच प्रश्न आमच्या घरात दोन वर्षे अनुत्तरित राहिला होता, म्हणून लिहितो.

माझ्या वडिलांनी निफाड तालुक्यात आयुष्यभर द्राक्षबाग सांभाळली आणि आता ते नाशिकला, पंचवटीत, आमच्याकडे राहतात. कधी कोणावर आवाज न चढवणारा हा माणूस एका पहाटे चारच्या सुमारास स्वप्नात उसातून आलेल्या बिबट्याला हुसकावत होता आणि तो फटका शेजारी झोपलेल्या आईच्या खांद्यावर बसला. नातेवाइकांच्या सांगण्यावरून त्र्यंबकेश्वरला शांती केली. आईला त्यातून धीर मिळाला, पण पहाटेचा प्रकार थांबला नाही.

पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी सर्वप्रथम विचारले ते हे, की प्रकार किती वाजता होतो आणि स्वप्न आठवते का. झोपेत चालणे किंवा लहान मुलांचे किंचाळत उठणे बहुधा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, गाढ झोपेतून घडते आणि सकाळी फारसे आठवत नाही. स्वप्नांची ‘रेम’ झोप मात्र पहाटेकडे वाढत जाते. त्या वेळी मेंदूच्या तळाकडील केंद्रे हातापायांचे स्नायू शिथिल करून ठेवतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच राहतो. हा अटकाव ढिला पडला की माणूस स्वप्न प्रत्यक्ष हातापायांनी जगू लागतो. याला ‘रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर’, म्हणजे रेम झोपेतील वर्तनविकार, म्हणतात. अमेरिकेत मिनेसोटा येथे शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ साली या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले.

वयाचा परिणाम म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका, कारण अशा बऱ्याच रुग्णांमध्ये काही वर्षांनी, कधी दशकाहूनही अधिक काळाने, पार्किन्सन (कंपवात) किंवा त्याच्या जवळचा आजार दिसतो. हे वाचून आपल्याला धक्का बसेल याची मला जाणीव आहे. आम्हालाही बसला होता. मात्र नैराश्यावरील काही औषधांनीही असे होते, आणि घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसाची धडपडही अगदी अशीच दिसू शकते, म्हणून रात्रभर चित्रीकरणासह होणारी झोपेची तपासणी झाल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. चालू औषधे स्वतःहून बंद करू नका. त्यांची यादी आणि मोबाइलवर टिपलेला एखादा प्रसंग डॉक्टरांना दाखवा.

तपासणी होईपर्यंत वडिलांची गादी जमिनीवर घाला, जवळचे काचेचे आणि टोकदार सामान हलवा, आईंना वेगळ्या अंथरुणावर झोपू द्या, आणि प्रकार सुरू झाल्यावर अंगाला हात न लावता थोड्या अंतरावरून नावाने हाक मारा. माझ्या वडिलांना आम्ही ‘अण्णा’ म्हणतो. दारातून दोनदा हाक मारली की ते बहुधा भानावर येतात आणि आधी आईला लागले का, हे विचारतात.