लेकराला भेटायला किती एसट्या बदलाव्या लागतात?

या महिन्यातल्या पत्रांत पुन्हा तेच. नवरा-बायको वेगळे झाले, एक जण गावी राहिला, दुसरा लेकरू घेऊन दूर गेला. बाकी विषय बाजूला ठेवून आज एवढंच घेते.

प्रश्न: वेगळं झाल्यावर आईने मुलाला शंभर किलोमीटरच्या बाहेर नेऊ नये असा नियम आहे म्हणतात. खरं का? (दारव्हा तालुका)

नाही. असा आकडा आपल्या कायद्यात नाही. तुमच्याच कोर्टाच्या आदेशात 'परवानगीशिवाय बाहेर नेऊ नये' असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. प्रत वकिलाला दाखवा.

प्रश्न: मुलगा पाचचा झाला की बापाचा, नऊचा झाला की त्याच्या मर्जीचा, असं मोबाइलवर ऐकलं.

दोन्ही चूक. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, एवढंच 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो. पाचव्या वाढदिवसाला बापाने मोटारसायकल घेऊन दारात उभं राहावं असं त्यात कुठेही नाही. नऊचा आकडा तर कोणत्याच कलमात नाही. मूल समजतं असेल तर न्यायाधीश त्याचं ऐकतात, पण निर्णय त्याच्या हितावरूनच करतात.

प्रश्न: तहसीलजवळच्या एका माणसाने पाचशेच्या स्टॅम्पवर आमची फारकत आणि 'ताबापत्र' करून दिलं. चार हजार घेतले. मुलगी बापाकडे, मी फक्त दिवाळीत भेटायचं असं त्यात आहे. मी बांधील आहे का? (वर्धा जिल्हा)

ताई, चार हजार गेले. नोटरीचा शिक्का म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. त्या कागदाने घटस्फोट झालेला नाही आणि मुलीचा ताबाही कायमचा ठरलेला नाही. पण सही तुमची आहे, समोरचा तो कागद दाखवणारच. फाडू नका, घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन केला तरी चालेल.

प्रश्न: मुलगी आईजवळ पुण्यात असते, मी पुसदजवळच्या खेड्यात. महिन्यातून दोन शनिवारी पुण्यात भेटायचा आदेश आहे. दर खेपेला दोन दिवसांची मजुरी बुडते. नाही गेलो तर हक्क जातो का?

एक-दोन भेटी चुकल्याने हक्क जात नाही. पण समोरचा वकील चुकलेल्या प्रत्येक शनिवारची तारीख लिहून ठेवतो, हे विसरू नका.

भाऊ, चूक आदेश मागतानाच झाली. माझा एक पक्षकार होता. नकाशावर त्याचं अंतर साठ-बासष्ट किलोमीटर, आदेशात वेळ अकरा ते पाच. प्रत्यक्षात पहाटेच्या पहिल्या एसटीने निघून दोन ठिकाणी गाडी बदलायची, आणि परतीची शेवटची गाडी साडेतीनला. एकदा मी पाहिलं, कोर्टाच्या आवारातल्या निंबाखाली तो रुमालात बांधून आणलेली बोरं पोराला एकेक निवडून देत होता आणि नजर सारखी मनगटावरच्या घड्याळाकडे. सहा तासांची भेट चार तासांवर आली. अंतर मोजावं ते एसटीच्या हिशेबाने, आणि ते वकिलाला सांगावं. आम्ही वकीलही हे विचारत नाही, 'भेटीचा हक्क मिळाला' म्हणून पक्षकाराला पेढे वाटायला लावतो.

ताब्याचा आणि भेटीचा आदेश दगडावरची रेघ नसते, परिस्थिती सांगून बदलून मागता येतो. महिन्यातल्या दोन धावत्या भेटींऐवजी सुट्ट्यांतले सलग दिवस मागा. कोणत्या शाळेची सुट्टी तेही लिहून घ्या, कारण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे पुण्यापेक्षा उशिरा उघडतात आणि त्या आठ-पंधरा दिवसांवरून जूनमध्ये भांडणं होतात. तान्ह्या पोळ्याला लेक गावी हवी असेल तर तोही दिवस नाव घालून लिहा, पुण्याच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी नसते. कोण आणून सोडणार, कोणत्या स्थानकावर, भाडं कोणाचं, गाडी चुकली तर काय, हे सगळं आदेशात हवं. बारा वर्षांपर्यंत एसटीला अर्धं तिकीट आणि बायकांनाही अर्धं, त्यामुळे आईने आणून सोडावं असं म्हणणं भाड्याच्या हिशेबाने फार जड जात नाही. मधल्या दिवसांसाठी व्हिडिओ कॉल मागा. दूर राहणाऱ्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एका निकालात म्हटलं आहे. वेळ मात्र ठरवून घ्या, नाहीतर रोज 'आता झोपली' हेच ऐकाल. हा अर्ज स्वतः लिहू नका, वकिलाकडून करून घ्या.

प्रश्न: सून नातवाले घेऊन सुरतले गेली. आठ महिने झाले. पंच म्हणतात, वाट पाहा, येईल. काय करू?

आजी, पंच वाट पाहतील, कायदा पाहत नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. पोरगं गेल्या गेल्या अर्ज टाकला असता तर 'त्याचं घर इथलंच' हे ठासून सांगता आलं असतं. आता तिकडे त्याचं शाळेत नाव लागलं असेल, मित्र झाले असतील. दर महिन्यागणिक तुमची बाजू लंगडी होते. मुलाला, म्हणजे नातवाच्या बापाला, याच आठवड्यात वकिलाकडे पाठवा. तो कुठे आहे, हे पत्रात लिहिलंच नाही तुम्ही.

प्रश्न: ती भेटू देत नाही म्हणून मी खावटी बंद केली. बरोबर ना?

चूक. खावटी लेकराच्या पोटाची आहे, भेटीचं भाडं नव्हे. थकली तर वसुलीचा वॉरंट निघतो. आधी भरा, मग भेटीसाठी वेगळा अर्ज करा.

प्रश्न: माहेरच्या गावी मुलाचं नाव घालायचंय. नवरा सही देत नाही म्हणून जुनी शाळा दाखला अडवते.

आठवीपर्यंत दाखला उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 5. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तरी ऐकलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. ताब्याची केस चालू असेल तर मात्र शाळा बदलण्याआधी वकिलाला विचारा.