मी कमावते, मग मुलाला पोटगी मिळणार नाही का?

समुपदेशनाला आलेल्या एका आईच्या मनात दोन गोष्टी घट्ट बसल्या होत्या. आपण नोकरी करतो, म्हणजे पोटगी विसरायची. आणि वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याचा हिशेब : ‘हातात 32 हजार येतात, कायद्याने 25 टक्के, म्हणजे महिना 8 हजार.’ मुलगा 8 वर्षांचा, दम्याचा त्रास असलेला.

मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आई कमावते म्हणून तो बुडत नाही. बापाचा वाटा फार तर कमी होतो. 25 टक्क्यांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या एका निकालातला, तोही पत्नीच्या पोटगीबद्दलचा. मुलांसाठी असं ठरलेलं कोष्टक आपल्या कायद्यात नाही. मुलाची गरज, दोघांची ऐपत आणि आधीचं राहणीमान बघून न्यायाधीश रक्कम ठरवतात.

मग नवऱ्याची सॅलरी स्लिप नीट वाचली. एकूण पगार 78 हजार. सक्तीची कपात फक्त पीएफ 4,800 आणि व्यवसाय कर 200. बाकी वैयक्तिक कर्जाचा हप्ता 22 हजार, पतसंस्थेचा 15 हजार, स्वेच्छेने वाढवलेला पीएफ 4 हजार. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते न्यायालय सहसा वजा धरत नाही. म्हणजे हिशेबाला 73 हजार, 32 नव्हे.

आईच्या अर्जातही चूक होतीच. ‘मुलाचा खर्च 20,000’ एवढी एकच ओळ. अशा ओळीला समोरचा वकील दोन मिनिटांत पाडतो. वर्षाचे खर्च बाराने भागून पुन्हा मांडले : फी 66 हजार, म्हणजे महिना 5,500. व्हॅन 1,500. वह्या-पुस्तकं-गणवेश 750. शिकवणी 1,500. इनहेलर आणि डॉक्टर 1,250. खाणं-दूध 4,500. कपडे आणि किरकोळ 1,500. घरभाडं 12 हजार, घरात आजीसकट तिघं, म्हणून मुलाचा तिसरा हिस्सा 4 हजार. हा भाड्याचा हिस्सा बहुतेक जणी विसरतात. बेरीज 20,500. आईचा पगार 27 हजार, म्हणजे कमाईचं प्रमाण 73 ला 27. बापाचा वाटा साधारण 15 हजार. हे प्रमाण बंधनकारक नाही, पण मागणीला आधार मिळतो.

रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आईनेही स्वतःची मुदत ठेव लपवू नये; एक लपवलेलं खातं सापडलं की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही जातो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज लांबवू नका. इथे नऊ महिन्यांनी अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा, महिना 14 हजारांचा आदेश झाला आणि मागचे 1,26,000 थकबाकी म्हणून निघाले.

‘भेटू देत नाही तर पैसे नाहीत’ हे चालत नाही, आणि पैसे थकले म्हणून मुलाची भेट अडवणंही चालत नाही. पोटगी रोख घेऊ नका, बँकेतच घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालचा पोटगीचा आदेश असेल तर वसुलीच्या वॉरंटसाठी थकलेल्या रकमेच्या देय तारखेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पुढे फी वाढली किंवा आजार बळावला, तर रक्कम वाढवून मागता येते; त्यासाठी पावत्या आतापासून एका फाइलमध्ये लावा.