लाइट गेल्यापासून आमच्या बिलांचा डेटाबेस, मायएसक्यूएल, सुरू होत नाही, बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा. बिलं परत मिळतील का?

बहुतेक मिळतील. पण आधी सर्व्हिस पुन्हा पुन्हा सुरू करून बघणं थांबवा. सगळा डेटा फोल्डर, आयबीडेटा आणि लॉगच्या फाइलींसकट, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि पुढचे सगळे उद्योग त्या कॉपीवरच करा. मी एकदा हे न करता एकुलत्या एक प्रतीवर थेट 6 आकडा देऊन बसलो होतो. सर्व्हर उठला, पण खात्यांच्या बेरजा जुळेनात, आणि मागे फिरायला जागा नव्हती.

तो आकडा म्हणजे माय डॉट आयएनआय फाइलमधली ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’ ही बिघाड असतानाही सर्व्हर जबरदस्तीने उठवणारी सेटिंग. 1 पासून सुरू करा, नाही उठला तर 2, मग 3. तीनपर्यंत बऱ्यापैकी सुरक्षित असतं. 4 पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून तिथे अगदी नाइलाजानेच जा. सर्व्हर उठला की त्यावर बिलं करायला घेऊ नका, फक्त डम्प, म्हणजे डेटाची मजकूर फाइलीतली प्रत, काढा. एकेका टेबलाचा वेगळा काढा, म्हणजे खराब टेबल कोणतं ते लगेच कळतं.

त्या टेबलाचा डम्प मध्येच तुटेल. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग, 16 केबीच्या पानांत, प्रायमरी कीच्या (प्रत्येक ओळीच्या ओळख क्रमांकाच्या, इथे बिल क्रमांकाच्या) क्रमाने ओळी ठेवतं. त्यामुळे बिल क्रमांक 1 पासून वर चढत वाचा, अडलात की शेवटच्या क्रमांकापासून उलटे खाली या. मधलं एखादं पान तेवढं जातं; छोट्या ओळी असतील तर शंभरेक. कधी कधी तर फक्त दुय्यम इंडेक्स (शोधासाठीची जादा सूची) बिघडलेला असतो आणि मूळ ओळी शाबूत निघतात.

बायनरी लॉगही बघा, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद. आवृत्ती 8 मध्ये तो आपोआप चालू असतो, पण 30 दिवसांपलीकडच्या फाइली पुसल्या जातात. म्हणजे तुमच्या बॅकअपनंतरचे पहिले दोन महिने त्यात नसणार, शेवटच्या महिन्यातली गेलेली बिलं मात्र निघतील. उरलेल्यांसाठी जीएसटीआर-1 हे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र उघडा: जीएसटी नंबरवाल्या गिऱ्हाइकांची बिलं त्यात क्रमांकासह असतात. किरकोळ विक्रीची नुसती बेरीज असते, तिथे कार्बन कॉपीची फाइल शोधावी लागेल.

सगळे डम्प निघाले की नव्या, रिकाम्या डेटा फोल्डरवर भरा, ती सेटिंग काढूनच. जुना फोल्डर महिनाभर तरी उडवू नका. आणि कोणत्या आकड्याला सर्व्हर उठला ते इथे कळवा, एरर लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळींसकट.