रिपिंगचं (सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवण्याचं) सॉफ्टवेअर बदललं, आता सगळ्या सीडी पुन्हा रिप कराव्यात का?

आधीचं रिपिंग फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये) असेल तर सरसकट नको. सीडीवरचा डेटा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा. तो एकदा बिनचूक उतरला असेल तर नवं सॉफ्टवेअर त्यात काडीचीही भर घालत नाही.

बिनचूक उतरलाय का, हे बघायला सीडी कपाटातून काढायचीही गरज नाही. विंडोजवर क्यूटूल्स टाका (फुकट आहे), अख्ख्या अल्बमचं फोल्डर द्या आणि व्हेरिफाय करा. तीच सीडी इतरांनी रिप केली तेव्हा आलेले चेकसम (डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) अ‍ॅक्युरेटरिपच्या डेटाबेसात असतात, त्यांच्याशी ते तुमच्या फायली ताडून बघतं. जुळलं की विषय संपला. किरकोळ चूक असेल तर कधीकधी तिथल्या तिथे दुरुस्तही होते. जुळणार नाहीत तेवढ्याच सीडी परत रिप करा.

एक मात्र आहे: नाट्यसंगीताची एखादी दुर्मिळ सीडी डेटाबेसात नसूही शकते. ‘सापडली नाही’ म्हणजे ‘खराब’ नव्हे. ती दोनदा रिप करून दोन्ही चेकसम सारखे येतात का बघा, शक्य असल्यास वेगळ्या ड्राइव्हवर.

जुन्या फायली एमपीथ्री असतील तर मात्र सरळ बसा आणि सगळ्या पुन्हा रिप करा. एमपीथ्री करताना गाळला गेलेला आवाज त्याचं फ्लॅक करून परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

आणि नुसते टॅग (फाइलमधली गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती) किंवा कव्हर चुकले असतील तर एमपीथ्रीटॅग या प्रोग्रामने भागतं.