मुलाला प्लस नंबर आहे, पण त्याला सगळं दिसतं. चष्मा लावला नाही तर काय होईल?

एका डोळ्याला प्लस दीड, दुसऱ्याला प्लस चार (प्लस म्हणजे जवळचं बघायला डोळ्याला जादा जोर लावावा लागतो तो नंबर), पण सात वर्षांचा मुलगा फळ्यावरचं नीट वाचतो, असं तुम्ही लिहिलंय. वाचणारच. मीही वाचत होते.

इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर. तिसरीत असताना गृहपाठाला बसलं की अर्ध्या तासात कपाळ ठणकायचं. आजी तेल चोळायची. आत्या म्हणायची, "अभ्यासाची चोरी, दुसरं काय!" शाळेत डोळे तपासायला आले तेव्हा डाव्याने अक्षरं लागेनात, म्हणून मी उजव्यावर धरलेल्या हाताच्या बोटांची फट करून शेवटची ओळ धडाधड म्हणून टाकली. चिठ्ठी आली, नजर उत्तम. पुढे अकराव्या वर्षी एका डॉक्टरांनी थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून तपासलं, तेव्हा डाव्याचा प्लस साडेचार सापडला. बाबा चष्म्याला तयार होते, पण आत्याने घर डोक्यावर घेतलं. "एकदा लागला की सुटत नाही. पोरगी उजवायची आहे ना?" चष्मा दोन वर्षं कपाटात पडून राहिला.

प्लस नंबरचं मूल डोळ्यातले स्नायू आवळून भिंग फुगवतं आणि वेळ मारून नेतं. डोकं दुखतं ते त्यामुळेच. काहींचा डोळा त्या जोरात नाकाकडे वळतो. आणि दोन डोळ्यांत एवढा फरक असला की मेंदू सोप्या डोळ्याचंच ऐकतो, दुसरा बघायला शिकतच नाही. आळशी डोळा म्हणतात तो हाच. माझा डावा आज चष्मा लावूनही तक्त्याच्या वरच्या दोन-तीन ओळींवर अडतो. अंतराचा अंदाज चुकतो: सुई ओवताना दोरा नेढ्याच्या अलीकडेच हवेत फिरतो. नवख्या कपात चहा ओतला की निम्मा बशीत.

तेव्हा लावा चष्मा, आणि दिवसभर लावा. डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली तर मूल रडलं तरी बांधा. सातव्या वर्षी डोळा बराच सुधारतो, उशीर होईल तसं अवघड होत जातं. चष्म्याने डोळे बिघडतात असं सांगणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लावा.

हां, प्रत्येक प्लसला चष्मा लागतोच असं नाही. लहान मुलांना दोन्हीकडे सारखा, थोडासा प्लस असतोच, आणि वाढत्या वयात तो बहुधा उतरतो. तुमच्याकडे फरक मोठा आहे, म्हणून एवढं लिहिलं.

आत्याचं परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भेटायला गेले तर हिरवी पट्टी वर करून मला न्याहाळत म्हणाली, "तुझा चष्मा अजून सुटला नाही का गं?"