करार झाला, मुद्रिते तपासली, आणि प्रकाशक गप्प झाले: आता काय करावे?

आपल्या कथासंग्रहाचा करार होऊन पंधरा महिने झाले, पहिली मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी चुका तपासण्यासाठी काढलेल्या प्रती, तपासून पाठवल्यालाही दहा महिने उलटले, आणि आता प्रकाशक फोनही उचलत नाहीत व पत्रालाही उत्तर देत नाहीत. अशा वेळी संग्रह दुसऱ्या प्रकाशकाकडे देता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वाट्याला अशी सव्वीस महिन्यांची शांतता आली होती, म्हणून उत्तर लिहितो आहे. मी वकील नाही. पण या प्रकरणात कायद्याचा जो भाग मला शिकावा लागला, तो आपल्या उपयोगाचा आहे.

सर्वप्रथम करारपत्र काढून त्यावरील तारीख पाहावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमात अशी तरतूद आहे की, ज्याला हक्क दिले त्याने ते दिल्याच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत वापरले नाहीत, तर करारात वेगळे काही नमूद केलेले नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात आले असे मानले जाते. हक्क कायमचे न देता केवळ प्रकाशनाचा परवाना दिला असला, तरी हेच कलम आवश्यक त्या फेरफारांसह लागू होते. म्हणजे आपल्या बाबतीत वर्ष केव्हाच संपले आहे. मात्र ‘वेगळे काही नमूद नसल्यास’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. अनेक छापील करारांत ‘प्रकाशकाच्या सोयीनुसार’ किंवा ‘तीन वर्षांच्या आत’ असे एखादे वाक्य असते आणि सही करताना आनंदाच्या भरात आपण ते वाचलेले नसते. मीही वाचले नव्हते. सुदैवाने माझ्या करारात मुदतीविषयी एक अक्षरही नव्हते. आणि ज्यांचा करार केवळ तोंडी झाला आहे त्यांची बाजू याहून सोपी आहे, कारण लेखी आणि लेखकाच्या सहीचे हस्तांतरण नसेल तर ते वैधच ठरत नाही.

एवढे असूनही माझी दोन वर्षे गेली, ती भिडेपायी. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. स्वतःच्या पुस्तकापाशी मात्र ती आठवली नाही. प्रकाशक वयाने मोठे होते, त्यांनी माझे लेखन आपुलकीने स्वीकारले होते, आणि ज्याने आपल्याला पहिल्यांदा ‘लेखक’ म्हटले त्याला तारखा विचारणे मला कृतघ्नपणाचे वाटत असे. सोलापूरहून पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेसने मी चार वेळा पुण्याला गेलो. चारही वेळा ‘साहेब आत्ताच बाहेर पडले’ हेच ऐकले, कार्यालयातला चहा घेतला, आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत अप्पा बळवंत चौकातील दुकानांतून इतरांची पुस्तके चाळत फिरलो. नंतर माझी जुनी पत्रे पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आले की तीन पत्रांपैकी प्रत्येकाचा शेवट मी ‘आपल्या सवडीने कळवावे’ असा केला होता. त्यांनी ती सवड घेतली, एवढेच.

चौथ्या फेरीत तेथील अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांशी बोलणे झाले आणि खरे कारण कळले. माझ्या पुस्तकाविषयी कोणताही आक्षेप नव्हता. प्रकाशकांकडे त्या गृहस्थांचेच आठ फर्म्यांचे (सोळा पानांचा एक फर्मा) बिल थकलेले होते. प्रकाशकांचा पैसा विक्रेत्यांच्या उधारीत अडकला होता आणि ग्रंथालयांची खरेदी अनुदान हाती आल्याशिवाय होत नव्हती. हे ऐकून माझा राग बराचसा ओसरला. तरीही अडचणीत असलेल्या माणसाने दोन ओळी लिहून ‘यंदा जमणार नाही’ असे कळवायला काय हरकत होती, हा प्रश्न मला आजही पडतो.

त्यानंतरचे पत्र मी वेगळ्या रीतीने लिहिले, आणि आपणही तसेच लिहावे असे सुचवतो. त्यात मनस्तापाचा उल्लेख नव्हता. कराराची तारीख, संहिता (पुस्तकाचा मूळ मजकूर) दिल्याची तारीख, मुद्रिते परत केल्याची तारीख, अनुत्तरित राहिलेल्या पत्रांच्या तारखा, आणि शेवटी एवढेच की, पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशनाची निश्चित तारीख लेखी न कळवल्यास करार संपला असे समजून मी संहिता अन्यत्र देईन. पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवले आणि तीच प्रत ईमेलनेही धाडली. आठव्या दिवशी उत्तर आले: पुस्तक आपण इच्छेनुसार अन्यत्र द्यावे. उत्तर आले नसते तरी माझ्याकडे पोचपावती होती, आणि नव्या प्रकाशकाला दाखवायला ती पुरेशी ठरली असती. आपण त्यांना काही रक्कम दिली असेल, तर तिचा हिशेब आणि परताव्याची मागणी याच पत्रात करावी. पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. करारातील वादासाठी वाणिज्य न्यायालयाचा मार्ग आहे, पण पाचशे प्रतींच्या कथासंग्रहासाठी तो कोणी धरावा असे मला वाटत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली, ती आपण आजच करावी. मुद्रितांवर आपण केलेल्या दुरुस्त्या त्यांच्या संगणकावरील फायलीत आहेत. आपल्याकडे आहे ती त्याआधीची, चुकांची प्रत. तपासलेल्या मुद्रितांची छायाप्रत आपण ठेवली नसेल, तर ते सारे काम गेल्यात जमा असते. मी ठेवली नव्हती. करार संपल्यावर अक्षरजुळणीकारांचे थकलेले बिल मीच भागवले आणि त्यांच्याकडून फाईल मिळवली. नव्या प्रकाशकांच्या कार्यालयात ती उघडली, तेव्हा पडद्यावर देवनागरीचे एकही अक्षर दिसेना, नुसती चिन्हांची रांगोळी उमटली. मजकूर जुन्या, युनिकोड (कोणत्याही संगणकावर देवनागरी वाचता येईल अशी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेला होता. रूपांतर करून घेतल्यावर बहुतेक जोडाक्षरे आणि रफार बिघडलेले निघाले, आणि एकशे अठ्ठावीस पाने मी पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासली. म्हणून पत्रात हेही लिहावे की, दुरुस्त मजकूर युनिकोडमध्ये, आणि ते शक्य नसल्यास निदान शेवटच्या मुद्रितांच्या पीडीएफसह, परत मिळावा.